पानावर उभे राहणारे चित्र : एक मागोवा

अकोल्याच्या जठारपेठेत राहून वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने आज मोबाइलमध्ये एखादे साधे ॲप घेतले आणि कॅमेरा अभ्यासाच्या टेबलावर रोखला, तर त्या टेबलावर माणसाचे हृदय उभे राहते. टेबलाभोवती फिरले की हृदयाची मागची बाजू दिसते, जवळ गेले की धमन्या मोठ्या होतात, बोट लावले की कप्पा उघडून आतल्या झडपांची उघडझाप दिसते. टेबल खरे, वही खरी, शेजारचा चहाचा कप खरा. हृदय तेवढे संगणकाने मांडलेले. या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर, म्हणतात. उच्च शिक्षणात त्याचा उपयोग कसा आणि किती, यावर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर शोधनिबंधांची रीघ लागली आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रस्तावना वाचल्या तर हे सारे कालपरवा सुरू झाले असे वाटते. पण समोरच्या वस्तूवर चित्र चढवून तिच्या आतले, डोळ्याला न दिसणारे दाखवण्याची खटपट जवळजवळ पाचशे वर्षांची आहे. तिच्या वंशावळीत कल्याणचे पटवर्धन आहेत, त्र्यंबकेश्वरात जन्मलेले फाळके आहेत, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले गुरुजीही आहेत. ती वंशावळ आपण जरा निवांतपणे पाहू.

प्रथम आपल्याला १५३८ सालच्या स्ट्रासबुर्गला जावे लागते. तेथे हाइनरिख फोगटहेर या मुद्रकाने मानवी शरीराची एक चित्रपत्रिका छापली. चित्रातल्या धडावर कागदाच्या झडपा चिकटवलेल्या होत्या. वरची उचलली की खालचे अवयव, ते उचलले की आणखी खालचे, असा प्रवास वाचकाच्या बोटांनी व्हायचा. पाच वर्षांनी, १५४३ मध्ये, आंद्रेआस व्हेसालियसने बाझलमध्ये शरीररचनेवरचा आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांसाठी 'एपिटोम' नावाची त्याची सुटसुटीत आवृत्तीही काढली. तिच्यात अवयवांची चित्रे कापून मूळ आकृतीवर एकावर एक चिकटवण्याची सोय होती. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती जागा थोडी, मृतदेह दुर्मीळ आणि विद्यार्थी पुष्कळ, ही अडचण तेव्हाही होतीच. व्हेसालियसने तिच्यावर काढलेला तोडगा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने तयार चित्र पुढे सरकवले नाही. कात्री आणि खळ विद्यार्थ्याच्याच हाती दिली. चित्र कोणी बनवायचे, हा प्रश्न त्या दिवसापासून या इतिहासाच्या मागे लागला आहे, आणि आजच्या संशोधनातही तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ओलांडली की आपण दिव्याजवळ येतो. १६५९ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्सने काचेवरचे चित्र भिंतीवर मोठे करून दाखवणारा दिवा तयार केला. पुढे तो मॅजिक लँटर्न म्हणून युरोपभर फिरला. त्याहून जवळचा पूर्वज मात्र लंडनचा. तेथील रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत लोकांना विज्ञान सांगणारे जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ च्या नाताळात रंगमंचावर एक भूत उभे केले. हेन्री डर्क्स या अभियंत्याची ही मूळ कल्पना. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये तिरकी काच लावायची, खालच्या खड्ड्यात लपलेल्या नटावर प्रखर उजेड टाकायचा, म्हणजे त्याचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि काचेपलीकडच्या खऱ्या नटाशेजारी एक पारदर्शक आकृती चालू लागते. खरे आणि भासमान एकाच दृष्टिक्षेपात आणण्याची ही युक्ती. एआरच्या चष्म्यांपैकी कितीतरी आजही याच अर्धपारदर्शक काचेच्या तत्त्वावर चालतात. आणि हे घडले ते विज्ञानाच्या व्याख्यात्याच्या हातून, लोकशिक्षणाच्या संस्थेत. करमणुकीने शिक्षणाचे साधन पळवले की शिक्षणाने करमणुकीचे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्रात मॅजिक लँटर्नच्या दिव्याला घर मिळाले कल्याणात. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने आपले खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रे, एकाहून अधिक दिवे, पट्ट्या भरभर बदलून साधलेला हालचालीचा भास आणि जोडीला निवेदन असा तो थाट होता. मुलांना हाताशी धरून पटवर्धनांनी हे खेळ गावोगावी नेले आणि ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालले. यंत्राची कल्पना परदेशी होती, पण चित्र कल्याणात रंगत होते आणि बोलणारा माणूस प्रेक्षकांच्याच भाषेत बोलत होता. तिकडे कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रे एकेक करून पुढे धरत आणि गात-सांगत कथा लावत. चित्र आणि ते उलगडणारा माणूस ही जोडी आपल्याकडे जुनीच होती. पटवर्धनांनी तिच्यामागे दिवा लावला एवढेच.

मग येतात धुंडिराज गोविंद फाळके. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक चिमुकला चित्रपट तयार केला. कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म घेत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात उलगडली. 'अंकुराची वाढ' या नावाने तो ओळखला जातो. चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याची नोंद घेतली ती 'हरिश्चंद्रा'ची पूर्वतयारी म्हणून. आपण शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर डोळ्याला कधीच न दिसणारी वनस्पतीची हालचाल दाखवणारा हा आपल्याकडचा बहुधा पहिला दृक्‌पाठ ठरेल. योगायोग असा की 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला ३ मे १९१३ रोजी, आणि त्याच वर्षीच्या जुलैत थॉमस एडिसनने अमेरिकेत भाकीत केले की शाळांमधून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि मुले चलच्चित्रांतून शिकतील. पुस्तके शंभर वर्षांनंतरही तिथेच आहेत. नव्या यंत्राबरोबर असे भाकीत येण्याची प्रथा मात्र तेव्हा पडली ती पडलीच.

या सगळ्यात आपले वऱ्हाड, म्हणजे अकोला-अमरावतीचा प्रांत, कोठे होते? १८५३ पासून हा प्रांत इंग्रजी कारभाराखाली होता. येथला कापूस आगगाडीने मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला जात होता, पण कॉलेजचे शिक्षण घ्यायचे तर मुलांना नागपूर किंवा पुणे गाठावे लागे. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ मध्ये. तेच पुढचे विदर्भ महाविद्यालय. दाखवून शिकवण्याची ताकद ओळखणारा वऱ्हाडातला मोठा माणूस म्हणजे पंजाबराव देशमुख. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांची आणि भारत कृषक समाजाची धडपड होती. शेतकऱ्याला पुस्तिका देण्यापेक्षा यंत्र, बियाणे, जनावर त्याच्या डोळ्यांसमोर उभे करावे, हा तेथला विचार. अकोल्यालाच कृषी विद्यापीठ हवे म्हणून १९६७ मध्ये आंदोलन पेटले, त्यात माणसांचे प्राण गेले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबरावांच्या नावाचे विद्यापीठ अकोल्यात स्थापन झाले. दूरचित्रवाणीने मात्र वऱ्हाडाला बरीच वाट पाहायला लावली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवणारा 'साइट' प्रयोग सहा राज्यांत झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला, तो बहुतांशी इंग्रजीत. अमरावती विद्यापीठ त्याच्या आदल्या वर्षी, १ मे १९८३ रोजी, जन्माला आले होते.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर चढवायच्या पडद्याचे वर्णन करणारा निबंध वाचला. ते यंत्र इतके अवजड होते की छतापासून लोंबणाऱ्या दांड्याला जोडूनच ते वापरावे लागे. त्याच दांड्यावरून मान कोठे वळली हे संगणकाला कळे. डोळ्यांपुढे दिसे ते रेषांचे साधे घन, पण ते खोलीतल्या हवेत तरंगत आणि मान वळवली तरी आपली जागा सोडत नसत. पेपरच्या काचेला गणित जोडले गेले ते येथे. त्यानंतर वीस-बावीस वर्षे हा विषय मोजक्या प्रयोगशाळांत राहिला. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानातल्या तारांच्या जुडग्यांवर काम करत होते. कामगाराने प्रचंड फळ्यांवरचे नकाशे वाचत तारा लावण्याऐवजी चष्म्यातूनच पुढची तार कोठून न्यायची ते दिसावे, ही त्यांची कल्पना, आणि ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव त्यांच्याकडून आले. १९९३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीव्हन फायनर यांच्या गटाने लेझर प्रिंटरची देखभाल शिकवणारी प्रणाली दाखवली. १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी विषयाचा पहिला मोठा आढावा घेऊन तीन कसोट्या घालून दिल्या: खरे व भासमान एकत्र हवे, प्रतिसाद तत्काळ हवा, आणि चित्र त्रिमितीत जागच्या जागी बसलेले हवे. गंमत पाहा, या पहिल्या टप्प्यात शिकणारा माणूस होताच. पण तो कारखान्यातला जोडारी आणि प्रिंटर दुरुस्त करणारा कारागीर होता. विद्यापीठाचा विद्यार्थी अजून चित्रात आलेला नव्हता.

तो आला एका काळ्या चौकोनामुळे. हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी १९९९ मध्ये एआरटूलकिट ही संगणकप्रणाली पुढे आणली. कागदावर जाड काळ्या किनारीचा चौकोन छापायचा, साधा वेबकॅम त्याच्यावर रोखायचा, आणि चौकोन कोणत्या कोनातून दिसतो त्यावरून संगणक त्रिमित आकृती अचूक तेथेच उभी करतो. लाखमोलाच्या शिरस्त्राणाचे काम कागदाचा कपटा करू लागला. या पाचशे वर्षांतली सर्वांत मोठी कलाटणी कोणती, असे मला विचारले तर मी याच चौकोनाकडे बोट दाखवीन. २००२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात शेल्टन आणि हेडली यांनी पदवीच्या भूगोलाच्या तीसहून अधिक विद्यार्थ्यांना हातातल्या पत्त्यावर सूर्य आणि पृथ्वी दाखवून ऋतुचक्र शिकवले. पृथ्वीचा कलता आस आणि संपात-अयने यांच्याबद्दलच्या त्यांच्या गैरसमजुती कमी झालेल्या आढळल्या. व्हिएन्नात हानेस काउफमान यांच्या 'कन्स्ट्रक्ट-थ्री-डी'ने भूमितीचे घन विद्यार्थ्यांमध्ये हवेत उभे केले. या पिढीच्या निबंधांचा प्रश्न मुख्यतः एकच होता: हे चालते का?

२०१० नंतर स्मार्टफोन हातोहाती आले आणि प्रश्न बदलला. आता विचारले जाऊ लागले, याने शिकणे होते का? निबंध इतके झाले की निबंधांचेच आढावे लिहावे लागले. २०१३ मध्ये वू आणि सहकाऱ्यांचा, २०१४ मध्ये बाका आणि सहकाऱ्यांचा ३२ अभ्यासांचा, २०१७ मध्ये आक्चायिर द्वयाचा ६८ लेखांचा. २०१९ मध्ये गार्झोन आणि असेवेदो यांनी ६४ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून मध्यम म्हणता येईल असा चांगला परिणाम काढला. उत्साह वाढतो, त्रिमितीची समज सुधारते, हे जवळपास सगळे सांगतात. त्याचबरोबर कुरबुरीही ठरलेल्या: यंत्र अडते, वर्गाचा वेळ जातो, नवलाईचा भर ओसरल्यावर काय उरते ते कोणी तपासत नाही. विद्यार्थ्याचे लक्ष तरंगत्या आकृतीत इतके अडकते की शेजारची माहिती त्याला दिसतच नाही, असेही इउलियान राडू यांनी २०१४ च्या आढाव्यात नोंदवले. हा सूर जुन्या जाणकारांना ओळखीचा वाटेल. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी रेडिओ, फिल्म आणि दूरचित्रवाणीवरचे संशोधन तपासून निर्वाळा दिला होता की माध्यम हे नुसते वाहन असते. शिकणे घडते ते पाठ कसा रचला आहे त्यातून. एआरच्या संशोधकांना ती जुनी फाइल पुन्हा उघडावी लागली. २०१६ मध्ये पोकेमॉन गो या खेळाने एआर घरोघरी नेले. पुढच्या दीड-दोन वर्षांत ॲपल आणि गुगल यांनी साध्या मोबाइलला काळ्या चौकोनाशिवायही जमीन आणि टेबल ओळखायला शिकवले. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा एआर चष्मा चढवून शरीररचना शिकवली जाऊ लागली.

आपल्याकडची वाट निराळी होती. राष्ट्रीय शिक्षण मोहिमेतून २००९ पासून व्हर्च्युअल लॅब्स उभ्या राहिल्या, आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर पीएच.डी. करण्याची सोय झाली, तेथले प्राध्यापक दीपक फाटक यांनी हजारो अध्यापकांना दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण दिले. पण या वंशावळीत माझ्या मते सर्वांत ठळक नाव आहे ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे. रणजितसिंह डिसले यांनी कन्नड घरांतून येणाऱ्या मुलांसाठी धडे त्यांच्या भाषेत नेले आणि पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनी, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले, देशपातळीवर 'दीक्षा' हे शिक्षणाचे डिजिटल व्यासपीठ आले, आणि २०२० मध्ये डिसलेंना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अझुमांच्या तीन कसोट्या लावल्या तर क्यूआर कोडला एआर म्हणता येणार नाही, हे कबूल. पण जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये जन्मलेला हा चौकोन आणि काटोंचा १९९९ चा चौकोन नात्याने चुलतभाऊ आहेत, आणि छापील पानावर चढलेले चित्र महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पोचले ते क्यूआरच्या चौकोनातून. विद्यापीठीय संशोधनाने हा धागा पुरेसा उचलला नाही. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाने केलेले काम उच्च शिक्षणाच्या आढाव्यात बसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

शरीररचनेच्या बाबतीत मात्र आपण १५४३ सालच्या अडचणीपाशीच आहोत. विच्छेदनासाठी मृतदेह मिळावेत म्हणून मुंबई प्रांताने १९४९ मध्ये कायदा केला. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालये वाढत गेली. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ मधले. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कौशल्यांवर बेतला गेला. एका टेबलाभोवती दाटी करून उभ्या असलेल्या मुलांतल्या मागच्या रांगेला एआरचा फायदा होईल, यात शंका नाही. शंका आहे ती दुसरीच. अध्यापकांनी ज्या सेवांवर विसंबून पाठ तयार केले, त्या टिकल्या किती? ऑरास्मा ही लोकप्रिय सेवा पुढे एचपी रिव्हील झाली आणि बंद पडली. गुगलने एक्स्पिडिशन्स २०२१ मध्ये गुंडाळले. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्सचे उत्पादन थांबवले. मेटाचे स्पार्क २०२५ च्या जानेवारीत मिटले. शोधनिबंध उरले, त्यात वापरलेले पाठ उरले नाहीत. पटवर्धनांच्या काचा कल्याणच्या घरात होत्या. या पाठांचा मालक दुसऱ्या खंडात बसलेला होता.

म्हणून वऱ्हाडापुरता विचार केला तर संशोधनाची पुढची दिशा मला शेतातून जाताना दिसते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. अळी बोंडात शिरते, शिरण्याचे छिद्र बुजते आणि वरून बोंड हिरवेगार, निकोप दिसत राहते. डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेले फूल, ओळखू आली तरच शेतकरी सावध होतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचा थर कसा आहे, मीठ कोठे साठते, हे वरच्या काळ्या मातीवरून कळत नाही. आत आहे आणि बाहेरून दिसत नाही, अशा विषयांसाठीच तर १५३८ पासून हा सारा खटाटोप चालला आहे. हृदयाचे नमुने जगात हवे तेवढे मिळतात. बोंडाच्या आतली अळी तिच्या वाढीच्या टप्प्यांसह दाखवणारा नमुना बनवण्याची निकड जितकी अकोल्याला आहे तितकी कॅलिफोर्नियातल्या कंपनीला नाही. लागणारे सगळे हाताशी आहे: कीटकशास्त्र कृषी विद्यापीठात, संगणकाची मुले बाभूळगाव, बडनेरा आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आणि मोबाइल सगळ्यांच्याच खिशात. अकोला-अमरावतीत या विषयावर प्रबंधाचा आराखडा लिहायला बसलेल्या संशोधकाला एवढीच विनंती आहे: नमुना विद्यार्थ्यांकडून बनवून घ्यावा, तो कोणालाही उघडता येईल अशा खुल्या स्वरूपात विद्यापीठाच्याच संगणकावर ठेवावा, निवेदन मराठीत असावे, आणि परिणाम मोजणारी चाचणी पाठ संपल्याच्या दिवशी न घेता पुढच्या हंगामात शेतात घ्यावी.